ड्रेन बोल्टचे आटे गेले, आता त्या भोकाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोटरसायकलच्या इंजिनाचा ड्रेन बोल्ट (ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट) एम१२ × १.५ मापाचा, म्हणजे १२ मि.मी. व्यासाचा आणि दोन आट्यांत १.५ मि.मी. अंतर असलेला; क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) अ‍ॅल्युमिनियमची. ऑइल बदलून बोल्ट आवळायला घेतला तर तो कुठेच न अडकता फिरत राहिला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत स्प्रिंगसारखी चंदेरी तार गुंडाळलेली निघाली. एक जण म्हणतोय जाड सेल्फ-टॅपिंग बोल्ट बसवू, दुसरा म्हणतोय टेफलॉन टेप गुंडाळ, तिसरा थेट क्रँककेस बदलायला सांगतोय.

या तिघांपैकी कुणाचंच आत्ता ऐकू नका. आणि गाडी सुरूही करू नका, अगदी चार पावलं न्यायची असली तरी. फिरत राहणारा बोल्ट ऑइलच्या वजनाने पडत नाही, पण इंजिनाच्या थरथरीने पडतो. तो चालत्या गाडीवर पडला तर ऑइल मागच्या चाकावर जातं. ऑइलचा दिवा लागेपर्यंत दाब संपलेला असतो, तेव्हा त्या दिव्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

ती चंदेरी तार म्हणजे तुमच्या क्रँककेसचेच आटे. बोल्ट पोलादी, भोक अ‍ॅल्युमिनियमचं. जोर जास्त झाला की मऊ धातू मुळापासून कातरला जातो आणि बोल्टसोबत बाहेर येतो. त्यामुळे त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून 'आटे साफ करून घेऊ' हा विचार इथे लागू नाही. टॅप साफ करतो, गेलेला धातू परत आणत नाही. बोल्ट तिरका लागून फक्त तोंडाचे एक-दोन आटे चेपले असते तर टॅपने काम झालं असतं. तुमचं प्रकरण त्याच्या पुढचं आहे.

तरी पहिली तपासणी करायचीच, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. भोकाची खोली मोजा. एक बारीक तार घ्या, टोकाला जेमतेम मिलिमीटरभर आकडा वळवा, भोकातून आत सोडा आणि आतल्या काठाला अडकवून बाहेर खूण करा. मग बोल्टच्या आट्यांची लांबी मोजा, वॉशरची जाडी वजा करा. अनेक इंजिनांत भोकाभोवतीचा धातूचा उंचवटा पंधरा-सोळा मि.मी. खोल असतो आणि बोल्टचे आटे त्यातल्या दहा-अकरालाच पकडतात. म्हणजे मागे पाच-सहा मि.मी.मध्ये तीन-चार कोरे आटे शिल्लक असतात, ज्यांना बोल्टने कधी हातही लावलेला नाही. टॉर्च लावून पाहिलं तर बाहेरचा भाग गुळगुळीत आणि आतला भाग धारदार असा फरक डोळ्याला दिसतो.

असं असेल तर त्याच पिचचा, म्हणजे आट्यांमधलं अंतर तेवढंच असलेला, पाच-सहा मि.मी. जास्त लांब बोल्ट हा सगळ्यात सोपा उपाय आहे. ड्रिल नाही, टॅप नाही, कीस नाही. दोनच गोष्टी बघायच्या. एक, लांब बोल्टचं टोक आत ऑइलच्या जाळीला किंवा फिरणाऱ्या गियरला लागत नाही ना. टोकाला ग्रीस लावून हाताने पूर्ण आत घाला, इंजिन हाताने एक-दोन फेरे फिरवा, बोल्ट काढा आणि ग्रीस पुसलं गेलंय का पाहा. दुसरं, तीन-चार आट्यांवर पूर्ण जोर द्यायचा नाही. कोरा वॉशर घालून कंपनीने दिलेल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याच्या जोरापेक्षा) थोडं कमीच आवळायचं आणि पुढचे काही दिवस खाली हात लावून पाझर बघायचा. ही दुरुस्ती कायमची म्हणता येणार नाही, पण वर्षानुवर्षं टिकलेली मी पाहिली आहे. नाही टिकली तरी तुम्ही काही गमावलेलं नसतं. पुढचे सगळे पर्याय तसेच उघडे राहतात.

आतले आटेही गेले असतील तर भोक मोठं करावं लागणार. इथून पुढे कोणती पद्धत निवडता यापेक्षा दोन गोष्टींना जास्त महत्त्व आहे: नवीन भोक बसकीला, म्हणजे वॉशर टेकतो त्या पट्टीला, काटकोनात असणं, आणि कापलेला कीस इंजिनात न राहणं. फसलेल्या बहुतेक दुरुस्त्या या दोनांपैकी एकावर फसलेल्या असतात. 'कसलं इन्सर्ट वापरलं', म्हणजे भोकात नवे आटे म्हणून काय बसवलं, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम.

आधी सेल्फ-टॅपिंग बोल्टचा निकाल लावू. हा बोल्ट मूळ मापापेक्षा किंचित जाड असतो, टोकाशी एक खाच असते आणि तो आत जाता जाता स्वतःचे आटे पाडतो. पत्र्याच्या ऑइल चेंबरला वेल्ड केलेल्या पोलादी नटमध्ये तो नाइलाजाने चालवून घेता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव क्रँककेसमध्ये मात्र नको. त्याला सरळ धरायला काही नसतं, त्यामुळे तो जुन्या भोकात जिकडे वाट मिळेल तिकडे झुकतो. कापलेला कीस खाचेत भरून सरळ आत पडतो. आणि जाड बोल्ट उंचवट्याला आतून फाकवतो. उंचवट्याची भिंत पातळ असेल तर तिला केसाएवढी चीर जाते. ती चीर गेली की मग खरोखरच क्रँककेसची वेळ येते. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हाच.

टेफलॉन टेप गळती थोपवते, बोल्ट धरून ठेवत नाही. ड्रेन बोल्टचं सील आट्यांत नसतंच, ते वॉशरवर असतं. शिवाय टेपचे धागे सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. थ्रेडलॉकचंही, म्हणजे आटे चिकटवायच्या द्रवाचंही, तेच: आट्याला आटा असेल तर ते धरतं, पोकळी भरून काढणं त्याचं काम नाही. दोन भागांची मेटल इपॉक्सी लावून बोल्ट कायमचा चिकटवून टाकायचा आणि पुढे ऑइल वरच्या तोंडातून नळी घालून पंपाने ओढून काढायचं, ही युक्ती मात्र मी अगदीच मोडीत काढणार नाही. जुनी गाडी असेल, फार दिवस ठेवायची नसेल, तर ती चालते. पण तळाचा गाळ तळातच राहतो, आणि पुढे कुणाला नीट दुरुस्ती करायची झाली तर त्याला आधी तुमची इपॉक्सी कोरून काढावी लागते.

आता खरे पर्याय तीन. पुढच्या मापाचे आटे पाडणं, तारेचं इन्सर्ट म्हणजे हेलिकॉइल बसवणं, किंवा भरीव बुश मारणं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हेलिकॉइलमुळे कमी धातू कापावा लागतो, म्हणून तो सौम्य उपाय, असं सर्रास सांगितलं जातं. तुमच्या मापाला हिशेब करून बघा. एम१२ × १.५ च्या हेलिकॉइलसाठी ड्रिल साधारण १२.४ मि.मी.चं लागतं आणि त्याचा खास टॅप बाहेरून जवळपास १३.९५ मि.मी. कापतो. एम१४ × १.५ चे आटे पाडायला ड्रिल १२.५ मि.मी.चं आणि टॅप १४ मि.मी.चा. म्हणजे दोन्हीत धातू जवळजवळ सारखाच जातो. फरक आहे तो नंतर काय उरतं यात. एम१४ केलं तर आटे पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचेच. पुढच्या वेळी कुणी लांब पाना लावला की पुन्हा हीच वेळ, आणि मग एम१६ साठी भिंत पुरेलच असं नाही. हेलिकॉइल बसवला तर बोल्ट मूळ मापाचाच राहतो आणि त्याचे आटे स्टेनलेस तारेवर घासतात, अ‍ॅल्युमिनियमवर नाही. अ‍ॅल्युमिनियमला आता जो आटा धरायचा तो १४ मि.मी. व्यासाचा, म्हणजे पकडीचं क्षेत्रही वाढलं. मूळ भोकापेक्षा हे भक्कम असतं.

तरीही ड्रेनच्या भोकासाठी हेलिकॉइल ही माझी पहिली पसंती नाही, आणि कारण ताकदीचं नसून गळतीचं आहे. तार आणि क्रँककेस यांच्यामध्ये एक नागमोडी वाट उरते. ऑइल त्या वाटेने फिरत फिरत तोंडापर्यंत येऊ शकतं आणि तिथे त्याला फक्त वॉशर अडवतो. भोकाचं तोंड आता १२ ऐवजी १४ मि.मी.चं झालंय. बोल्टचं डोकं साधं षटकोनी १७ मि.मी.चं, खाली चकती नसलेलं असेल, तर वॉशरला दाबायला १४ ते १७ एवढीच पट्टी उरते, म्हणजे एका बाजूला दीड मिलिमीटर. त्यात एखाद्याने हौसेने भोकाच्या तोंडाला मोठा चँफर, म्हणजे तिरकी कड, मारला की ही पट्टीही गेली. म्हणून हेलिकॉइल करणार असाल तर चँफर नावापुरताच, बोल्ट रुंद चकतीच्या डोक्याचा, आणि तार बसवताना तिच्या बाहेरच्या अंगाला तेल सहन करणारं, निदान १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारं घट्ट प्रकारचं थ्रेडलॉक. ते दोन कामं करतं: ती नागमोडी वाट बंद होते, आणि पुढच्या ऑइलच्या वेळी बोल्टसोबत तारही उलगडून बाहेर येत नाही. फक्त भोक आधी थिनर किंवा ब्रेक क्लीनरने कोरडं ठक्क करायला हवं, नाहीतर थ्रेडलॉक तेलावर तरंगत राहतं. आणि ते पूर्ण वाळेपर्यंत बोल्ट आत घालायचा नाही. नाहीतर बोल्टच कायमचा बसेल.

भरीव बुश हा मला सगळ्यात पटणारा उपाय. टाइम-सर्टसारखं तयार किट मिळालं तर उत्तम. त्यात बाहेरून-आतून आटे असलेली पोलादी बुश असते, वरच्या टोकाला बारीक कॉलर असते आणि ती बसण्यासाठी तोंडाशी उथळ खड्डा घेणारं कटरही किटमध्ये येतं. बुशचे शेवटचे काही आटे आतून अपुरे ठेवलेले असतात. बसवण्याचं हत्यार त्यांच्यातून जाताना बुशचं खालचं टोक बाहेर फुलवतं आणि ती जागेवर अडकते. भिंत भरीव असल्याने तारेसारखी नागमोडी वाट राहत नाही, कॉलरमुळे बुश आत जास्त जात नाही, आणि तारेला असतं तसं, बसवल्यावर मोडून काढायचं शेपूटही नसतं.

किट नसेल तर चांगला टर्नर लेथवर बुश करून देतो. बाहेरून एम१६ × १.५ आणि आतून एम१२ × १.५ केली तर दोन्ही आट्यांमध्ये जेमतेम एक-सव्वा मि.मी. भिंत उरते, चालते, पण नाजूक काम आहे. बाहेरून एम१८ केली तर दोन मि.मी.हून जास्त मिळते, पण त्यासाठी क्रँककेसचा उंचवटा तेवढा रुंद पाहिजे. व्हर्नियरने उंचवट्याचा बाहेरचा व्यास मोजा, नवीन भोक वजा करा, दोनने भागा. चार मि.मी.पेक्षा कमी भिंत राहत असेल तर मी त्या मापाला हात लावणार नाही. बुशचा धातू पोलाद किंवा पितळ. अ‍ॅल्युमिनियमची बुश केली तर आटे जाण्याची तीच गोष्ट पुन्हा सुरू. पोलादी बुशचं एकच: अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. सोळा मि.मी.च्या भोकात ऐंशी अंशांच्या फरकाला हे अंतर ०.०१ ते ०.०१५ मि.मी. पडतं. ऐकायला काहीच नाही, पण बुश कोरडी बसवली असेल तर गरम इंजिनावर बोल्ट उघडताना तीही सोबत फिरून येते. म्हणून घट्ट थ्रेडलॉक इथेही हवंच.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन उघडून, क्रँककेसचा अर्धा भाग टेबलावर घेऊन काम करता आलं तर प्रश्नच नाही, पण बहुतेक मोटरसायकलींत त्यासाठी सगळं इंजिन फाडावं लागतं. एका भोकापायी ते कुणी करत नाही. कारच्या इंजिनाखालचं ऑइल चेंबर वेगळं सुटतं, तिथे मात्र आळस करू नका. काढा, ड्रिल प्रेसखाली सरळ धरा, धुवा, परत लावा. पत्र्याच्या चेंबरचा नट गेला असेल तर तो वेल्डिंगने बदलता येतो, पण चेंबर काढून, धुऊन, पूर्ण कोरडं केल्यावरच. गाडीखाली झोपून, ऑइलची वाफ असलेल्या चेंबरला वेल्डिंग लावण्याच्या फंदात कुणीही पडू नये.

गाडीवरच काम करायचं तर ती समपातळीत, मधल्या स्टँडवर आणि हलणार नाही अशी बांधून उभी करा. भोक खाली तोंड करून असेल तर ते तुमच्या फायद्याचं आहे, कीस आपोआप खाली पडतो. भोक तिरकं किंवा बाजूला असेल तर गाडी अशी टेकवा की भोक शक्य तितकं खाली पाहील.

काटकोन कसा धरायचा? भोकाभोवतीची बसक, म्हणजे वॉशर जिथे टेकतो ती मशीन केलेली पट्टी, हाच तुमचा संदर्भ. इंजिनाचा तळ, गाडीची चेसिस, जमीन, यातलं काहीही नाही. एक जाड पोलादी तुकडा घ्या, दोन्ही बाजू समांतर असलेला, वीस-पंचवीस मि.मी. जाडीचा. टर्नरकडून त्यात ड्रिलच्या मापाचं एक आणि टॅपच्या मापाचं एक, अशी दोन काटकोनी भोकं करून घ्या. हा तुकडा बसकीवर घट्ट दाबून त्याच्यातून ड्रिल आणि नंतर टॅप घालायचा. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने, खालून वर बघत, टॅप सरळ जाणं फार अवघड आहे. एका बाजूने सरळ दिसतो आणि नव्वद अंश फिरून बघितलं की झुकलेला असतो. तुकडा नसेल तर निदान छोटा गुण्या दोन्ही दिशांनी लावत चला, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला, पहिले तीन आटे पडेपर्यंत. तिथपर्यंत चूक सुधारता येते, नंतर टॅप आपल्याच वाटेने जातो.

ड्रिल कमी वेगाने. भोक आधीच आहे आणि तुम्हाला कडेचा पातळ थरच काढायचाय, अशा वेळी वेगात असलेलं ड्रिल धातूत खुपसलं जातं आणि ओढून आत घेतं. हाताने फिरवायचा रीमर (भोक रुंद करायचं हत्यार) मिळाला तर ड्रिलपेक्षा तो बरा. ड्रिलच्या पात्यावर भोकाच्या खोलीएवढ्या अंतरावर चिकटपट्टीची नव्हे, स्क्रूने घट्ट होणारी कडी लावा. मागे जाळी किंवा गियर असेल तर चिकटपट्टी तुम्हाला थांबवणार नाही.

टॅप निवडताना एक बारकावा आहे ज्याकडे अनुभवी लोकांचंही दुर्लक्ष होतं. टोकाशी तिरकी धार असलेला स्पायरल पॉइंट टॅप कीस पुढे ढकलतो. आरपार भोकासाठी कारखान्यात तो उत्तम, पण इथे 'पुढे' म्हणजे तुमच्या इंजिनात. नागमोडी खाचांचा स्पायरल फ्लूट टॅप कीस आपल्याकडे ओढतो; मिळाला तर तोच घ्या. किटमध्ये येतो तो बहुधा सरळ खाचांचा असतो. त्याच्या खाचा घट्ट ग्रीसने भरून घ्या, अर्धा-पाऊण फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसा, नवीन ग्रीस भरा, परत घाला. वेळखाऊ आहे, पण खाच भरून सांडायच्या आत टॅप बाहेर आला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम टॅपच्या धारेला चिकटतं. भोकाच्या भिंतीला थोडं केरोसिन लावलं की आटा चकचकीत पडतो, फाटत नाही. टॅप जड चालला तर जोर वाढवायचा नाही, बाहेर काढून बघायचं.

आणखी एक युक्ती: ऑइल भरायच्या तोंडात कापड गुंडाळून व्हॅक्यूम क्लीनरचा हवा फेकणारा पाइप बसवा आणि मंद चालू ठेवा. इंजिनाच्या आत किंचित दाब राहतो आणि ड्रेनच्या भोकातून हवा सतत बाहेर येत राहते, त्यामुळे बारीक कीस आत शिरत नाही. कंप्रेसरची जोराची हवा मात्र नको. ती सील उलटवू शकते आणि कीस कुठल्या कुठे नेऊन टाकते.

किसाबद्दल इतकं का बोलतोय, तर ऑइलचा रस्ता बघा. बहुतेक इंजिनांत तळातून जाळी, जाळीतून पंप, आणि पंपानंतर फिल्टर. जाळी फक्त मोठे तुकडे अडवते. बारीक कीस फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी पंपातून जातो, आणि पंपाच्या रोटरांच्या टोकांमधलं अंतर साधारण ०.१५ मि.मी.च्या आसपास असतं. मऊ अ‍ॅल्युमिनियम असलं तरी ते तिथे रुतून ओरखडे काढतं. आणि चुंबकाचा उपयोग शून्य, कारण अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला लागत नाही.

हेलिकॉइलचं शेपूटही चुंबकाच्या भरवशावर सोडू नका. तार बसवताना हत्याराने फिरवायची, दाबायची नाही; ती स्वतःच आकसून आत जाते. वरचं टोक बसकीच्या पाव ते अर्धा पिच आत गेलं पाहिजे, म्हणजे तुमच्या मापाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वर राहिलं तर बोल्ट नीट टेकणार नाही. मग आतल्या टोकाचं शेपूट मोडायचं असतं. पुस्तकी पद्धत म्हणजे पंचने ठोका द्या आणि ते आत पडेल. इथे आत पडून चालणार नाही, आणि ती तार स्टेनलेसची असल्याने चुंबकाला बहुधा दाद देत नाही. लांब चोचीच्या पक्कडीने शेपूट पकडा, खाली-वर हलवा, खाचेपाशी तुटेल, आणि तुकडा पक्कडीतच बाहेर आणा. तुकडा हातात आल्याशिवाय पुढचं काम नाही. बिनशेपटीची तार मिळत असेल तर हा सगळा ताप वाचतो.

काम झाल्यावर धुलाई. बोल्ट न लावता वरून अर्धा लिटर स्वच्छ पातळ ऑइल हळूहळू ओता आणि खाली पांढऱ्या फडक्यावर पडू द्या. फडकं उजेडात धरलं की चकाकणारे कण दिसतात. ते दिसायचे थांबेपर्यंत ओतत राहा. वेगळी निघणारी जाळी असेल तर काढून धुवा. मग नवीन फिल्टर, स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल, इंजिन काही मिनिटं आयडलवर, पुन्हा ऑइल खाली, पुन्हा फिल्टर नवा. या वेळच्या फिल्टरचा कागद फाडून बघा, काम किती स्वच्छ झालं ते तिथे कळतं. त्यानंतरच नेहमीचं ऑइल.

पण बोल्ट लावण्याआधी काटकोनाची शेवटची परीक्षा. बसकीला मार्करची शाई लावा, वॉशरशिवाय बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवा, किंचित हलवून काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर काम सरळ आहे. एकाच बाजूने पुसली आणि दुसऱ्या बाजूला ०.०५ मि.मी.ची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आत जात असेल, तर वाकड आहे. एवढी वाकड मऊ तांब्याचा वॉशर सांभाळून घेतो. ०.२ आत गेली तर नाही सांभाळणार, आणि मग लोक गळती थांबवायला जास्त आवळतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मुळात आटे जातात तेही बहुधा याच रस्त्याने. जुना, चपटा झालेला वॉशर तसाच ठेवला जातो, थेंब पडतो, कुणीतरी थोडं आवळतं, पुन्हा थेंब, पुन्हा थोडं. किंवा जुना वॉशर इंजिनाला चिकटून राहतो, लक्षात येत नाही आणि त्यावर दुसरा बसतो. इंजिन गरमागरम, त्यात इम्पॅक्ट गन. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एम१२ बोल्टला अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा. २४ न्यूटन-मीटर म्हणजे वीस सें.मी. लांब पान्याच्या टोकाला बारा किलोचा जोर. मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही. एवढ्यातही बोल्ट वॉशरवर जवळपास एक टन दाब टाकतो. पान्याला पाइप घालून लांबी मीटरभर केली, तर तेच बारा किलो १२० न्यूटन-मीटर होतात आणि हाताला काही कळतही नाही. आटे ऑइलने ओले असतील तर त्याच टॉर्कला ताण आणखी वाढतो, म्हणून आटे पुसून घ्या.

वॉशर दर वेळी नवा. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर फेकून द्या. तांब्याचा असेल आणि नवा मिळतच नसेल तर लालबुंद तापवून थंड करा, तो पुन्हा मऊ होतो.

क्रँककेस बदलायची वेळ येऊ शकते ती एकाच परिस्थितीत: उंचवट्याला चीर असेल तर. बसक पुसून कोरडी करा, भिंगातून बघा, शंका असेल तर डाय पेनेट्रंट (चिरेत शिरणारा रंग) मारा. चीर असली तर लाल रेघ उमटते. ती दिसली तर टॅपला हात लावू नका, आधी अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणाऱ्याला दाखवा. चीर फक्त उंचवट्यात असेल तर तो भोक भरून देतो आणि मग नव्याने ड्रिल-टॅप करता येतं. अर्थात त्यासाठी इंजिन उघडावंच लागेल.

तेव्हा तुम्ही आज तार घालून भोकाची खोली मोजा, उंचवट्याचा बाहेरचा व्यास घ्या, बसकीचा जवळून स्पष्ट फोटो काढा आणि हे तिन्ही मला कळवा. लांब बोल्टवर भागतंय की बुश मारायची, आणि मारायची तर कोणत्या मापाची, हे त्यावरून सांगता येईल.